दत्तचरणींचे श्वान आणि आमचा भ्यालेला मोती

मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली की घरोघरी दत्तगुरूंच्या तसबिरीवरील धूळ पुसली जाते, गुरुचरित्राच्या पोथीभोवतीचे वस्त्र सुटते आणि सप्ताहाच्या पारायणास प्रारंभ होतो. नरसोबाच्या वाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, औदुंबरास कृष्णातीरी आणि गाणगापुरास भीमा-अमरजेच्या संगमावर भाविकांची दाटी होते. त्रिमुखी, षड्भुज मूर्तीचे दर्शन घेताना आपली दृष्टी प्रथम मुखांवर, मग हातांतील आयुधांवर आणि मागे उभ्या असलेल्या गाईवर स्थिरावते. चरणांशी बसलेल्या चार श्वानांकडे मात्र ती क्वचितच वळते. ते चार वेद होत, अशी परंपरेची धारणा आहे. ज्या प्राण्याला आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो, त्याला दत्तगुरूंनी आपल्या चरणांशी स्थान दिले, याचा अर्थ काय, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ वर्षे पडला नव्हता. तो पडला २०२३ साली, आणि तोही आमच्या घरातील एका लहानशा श्वानामुळे.

मोती हा आमच्या घरचा पांढरा, केसाळ, मांजराहून थोडा मोठा असा कुत्रा. वय चार वर्षांचे. स्वभावाने आनंदी, पाहुण्यांच्या पायांत घोटाळणारा. त्या वर्षीच्या दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने तो बेजार झाला, पलंगाखाली दडून बसला, दोन दिवस नीट जेवला नाही. हे नवे नव्हते. दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले आणि आम्ही निश्चिंत झालो. त्यानंतर मात्र एक विचित्र गोष्ट घडू लागली.

सांजवातीच्या वेळी

दिवेलागणीची वेळ. घरात कोणताही मोठा आवाज नाही, बाहेर फटाका नाही, आकाशात ढग नाही. देव्हाऱ्याजवळ निजलेला मोती एकाएकी दचकून उठे. शेपूट पायांत, कान मागे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या. जीभ बाहेर काढून तो जोराने धापा टाकी, सर्वांग थरथर कापे. कोणाच्या तरी अंगावर चढण्याचा प्रयत्न करी, तेथेही स्वस्थता न लाभल्यास न्हाणीघरातील बादलीमागे जाऊन दडे. जाता जाता एकदा मान वळवून देव्हाऱ्याच्या कोपऱ्याकडे टक लावून पाही. त्या कोपऱ्यात पाहण्याजोगे काहीही नव्हते.

एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस हाच क्रम चालला. मग घरात कुजबूज सुरू झाली. आमच्या आत्याबाई वयाने ऐंशीच्या घरातील, अत्यंत श्रद्धाळू आणि मायाळू. त्या एके संध्याकाळी म्हणाल्या, "अरे, मुक्या जनावराला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. देवापाशीच असं होतंय, हे काही बरं लक्षण नाही. त्याला गावी मळ्यावर धाडून दे." शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. कोणी लिंबू उतरून टाकले. सौभाग्यवतींचे डोळे भरून आले, मुले जेवेनात आणि मळ्यावर निरोप धाडण्याची वेळ खरोखरच येऊन ठेपली.

आत्याबाईंच्या समजुतीला आम्ही हसलो नाही. तिची मुळे फार जुनी आहेत. ऋग्वेदात इंद्राची देवशुनी सरमा आहे, पणींनी दडविलेल्या गाईंचा तिने शोध लावला. तिच्याच नावावरून संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात. यमाचे दोन चतुरक्ष श्वान परलोकाच्या मार्गाची राखण करतात, असेही तेथे वर्णिले आहे. श्वानाला माणसाहून अधिक कळते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. प्रश्न एवढाच होता की, मोतीला जे कळत होते ते अमंगळ होते की आमच्याच हातून घडलेले काही होते?

वहीने दाखविलेली वाट

आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी मोतीला नखशिखांत तपासले. मणका दाबून पाहिला, मागच्या पायांच्या गुडघ्यांच्या वाट्या सरकतात काय ते पाहिले, दात आणि कान पाहिले, छातीचे ठोके ऐकले. उजव्या कानाच्या आतील भागास सूज होती. औषध देऊन ते म्हणाले, "दुखण्यामुळे भीती वाढते हे खरं, पण एवढ्याने सगळा उलगडा होत नाही. एक वही घाला. वेळ, जागा आणि त्याआधी घरात काय काय झालं, ते रोज लिहा. आणि पुढच्या खेपेला तो असं करू लागला की मोबाईलवर चित्रण करून आणा."

चित्रणाचे कारण त्यांनी समजावून सांगितले ते प्रत्येकाने ध्यानी धरावे असे आहे. आकडीचा विकार आणि भीतीचा झटका वरवर सारखे भासू शकतात. आकडीत प्राणी हाकेला ओ देत नाही, अंग ताठरते, जबडा आपटतो, लाळ गळते, लघवी होते आणि नंतर काही काळ तो भ्रमिष्टासारखा वागतो. भ्यालेला प्राणी मात्र आसपासचे भान ठेवून असतो, आसरा शोधतो, ओळखीच्या माणसाकडे धावतो. अगदी लहान जातीच्या पिल्लांत उपासामुळे रक्तातील साखर उतरली तरी थरथर व झोकांड्या येतात. वृद्ध कुत्र्यांत बुद्धी मंदावल्याने रात्री अस्वस्थता येते आणि दृष्टी अधू होऊ लागली की तिन्हीसांजेचा अंधुक प्रकाशच भय उत्पन्न करतो. म्हणून "उगाच घाबरतो" असे म्हणून हा विषय कधीही सोडून देऊ नये.

वही सुरू झाली. प्रथम आम्हांला आरतीच्या घंटेचा संशय आला. दोन दिवस घंटा वाजविली नाही, तरी मोती थरथरलाच. धुपाचा वास असेल म्हणून धूप थांबविला, तरीही तेच. पंधरवड्याअखेर वहीची पाने चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. दोन संध्याकाळी मोती शांत निजून राहिला होता. त्या दोन्ही दिवशी घंटा वाजली होती, धूप जळला होता, आरतीही झाली होती. नव्हती ती फक्त वीज. त्या दोन्ही संध्याकाळी वीज गेली होती आणि समईच्या प्रकाशात आरती झाली होती.

तेव्हा आम्ही देव्हाऱ्यामागे हात घातला. उंदीर देव्हाऱ्यातील तुपात भिजविलेल्या फुलवाती पळवीत म्हणून दिवाळीनंतर आठवड्याने आम्ही बाजारातून एक लहानसे विजेचे यंत्र आणले होते. माणसाला ऐकू न येणाऱ्या तीव्र ध्वनीने उंदीर पळविणारे ते यंत्र देव्हाऱ्यामागील प्लगमध्ये बसविले होते. देव्हाऱ्यातील छोट्या दिव्याचे आणि त्याचे बटण एकच. सकाळच्या पूजेला उजेड असल्याने ते बटण दाबले जात नसे. सांजवातीला दाबले जाई आणि निजताना बंद होई.

आपले कान आणि त्यांचे कान

मनुष्याला साधारणतः सेकंदास २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. वय वाढते तशी वरची मर्यादा आणखी खाली येते. कुत्र्याला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. म्हणजे आम्ही ज्या घरात शांत चित्ताने आरती म्हणत होतो, त्याच घरात मोतीच्या सुजलेल्या कानावर एक तीक्ष्ण किंकाळी अखंड आदळत होती. ती कोठून येते हे त्याला कळत होते, म्हणून तो त्या कोपऱ्याकडे पाही. तेथे काहीतरी होते खरे, पण ते आम्हीच आणून बसविलेले होते.

सगळेच कुत्रे अशा यंत्राने घाबरतात असे नव्हे. मोतीच्या बाबतीत दिवाळीचे भय ताजे होते आणि कान दुखत होता. एकदा एका आवाजाने धास्ती बसली की प्राण्याचे मन दुसऱ्या आवाजांशी, जागांशी, वेळांशी तिची सांगड घालते. २०२० साली फिनलंडमधील संशोधकांनी १३,७०० पाळीव कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती प्रसिद्ध केली, तीत आवाजाची भीती ही सर्वांत अधिक आढळणारी तक्रार होती. सुमारे ३२ टक्के कुत्र्यांत ती दिसून आली. इन्व्हर्टरची बारीक शिटी, बॅटरी संपत आल्यावर टिकटिकणारे एखादे उपकरण, मेजावर थरथरणारा मोबाईल, दूरचा मेघगर्जनेचा आवाज, अशा किती तरी गोष्टी आपल्या गावीही नसतात आणि त्यांच्या जिवाचा थरकाप उडवीत असतात.

यंत्र काढले आणि झटके ओसरू लागले. एका दिवसात मात्र नव्हे. आवाज गेला तरी जागेचे भय उरले होते. मोती त्या खोलीच्या उंबऱ्याशी येई आणि माघारी फिरे. आम्ही त्याला ओढून नेले नाही. दहीभाताचा घास प्रथम उंबऱ्याबाहेर, मग उंबऱ्यावर, मग एक वीत आत, असा क्रम ठेवला. फुलवातींना झाकणाचा डबा आला आणि उंदरांसाठी जुना पिंजरा माळ्यावरून खाली उतरला.

भ्यालेल्यास आधार

अशा वेळी काय करावे, हे अनुभवाने व वैद्यांच्या सल्ल्याने कळले, ते थोडक्यात सांगतो. भ्यालेल्या प्राण्याला रागावू नये, मारू नये, दडलेल्या जागेतून ओढून काढू नये. खिडक्या लावाव्यात, पडदे ओढावेत, अंधारा, मऊ कोपरा त्याला मोकळा ठेवावा. तो जवळ आल्यास शांतपणे अंगावरून हात फिरवावा. गोंजारल्याने भीती वाढते ही समजूत चुकीची आहे. फटाक्यांच्या वेळी फिरावयास नेऊ नये आणि गळ्यातील पट्ट्यावर दूरध्वनीचा क्रमांक अवश्य असावा, कारण भेदरलेला जीव वाट फुटेल तिकडे पळतो. माणसांच्या गोळ्या त्याला कदापि देऊ नयेत. अशा भीतीवर आज चांगली औषधे उपलब्ध आहेत, पण ती पशुवैद्यांनीच ठरवावयाची असतात. नुसती गुंगी आणून शरीर निपचित पडले तरी आतील भय तसेच राहू शकते.

उत्सवाच्या निमित्ताने आणखी एक सूचना. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरू शकतात. प्रेमाने भरविलेला घास विषासमान होऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

फटाक्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली होती. परंतु न्यायालयाने सांगण्यापूर्वी आपल्या संतांनी हे आचरून दाखविले आहे. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ओतले. महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाने स्वर्गाच्या दाराशी उभे राहून, जो आश्रयाला आला त्याला टाकून मला स्वर्ग नको, असे इंद्राला सांगितले. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे त्याला नंतर कळले. त्याने नकार दिला तेव्हा तो त्याच्यासाठी केवळ एक कुत्राच होता, आणि त्या नकाराचे मोल त्यातच आहे.

आम्ही मात्र आश्रयाला आलेल्या जिवाला मळ्यावर धाडण्याच्या अगदी बेतात होतो. मळ्यावर त्या लहानग्याचे काय झाले असते, हा विचार आजही मनाला बोचतो.

त्या वर्षी दत्तजयंतीच्या संध्याकाळी जन्मकाळ झाला, पाळणा हलला, सुंठवडा वाटला गेला. मोती उंबऱ्यावर पुढचे पाय ठेवून बसला होता, आत आला नाही. आत्याबाई काठी टेकीत उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "बस हो बाळा, तिथंच बस. तुझं खरं होतं, आम्हांलाच ऐकू येत नव्हतं." पुढे महाशिवरात्रीच्या सुमारास तो आपल्या पायांनी देव्हाऱ्यापाशी आला आणि आपल्या जुन्या जागी अंग टाकून निजला.

यंदा तसबिरीपुढे हात जोडताना वाचकांनी क्षणभर त्या चार श्वानांकडेही पाहावे. ते मान वर करून दत्तगुरूंच्या मुखाकडे पाहत असतात. आपल्या घरातील मुका जीवही असाच आपल्या मुखाकडे पाहत असतो. त्याला बोलता येत नाही, म्हणून समजून घेण्याचा भार आपल्यावर आहे.