८० टक्क्यांनंतर चार्जिंग का रेंगाळतं?

लॅपटॉपची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत झरझर भरते, पुढे मात्र रेंगाळते. चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरून बसतात. रिकाम्या एसटीत प्रवासी पटापट बसतात, गाडी भरत आली की जागा शोधावी लागते; तसंच इथे होतं. सेलचा विद्युतदाब साधारण ४.२ व्होल्टला पोहोचला की नियंत्रक सर्किट विजेचा प्रवाह कमी करत नेतं. घाई केली तर लिथियम धातूच्या रूपात ग्राफाइटवर साचतं आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते.

सतत पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता, या दोन्हींनी बॅटरी लवकर म्हातारी होते. गादीवर ठेवून दिवसभर प्लगला लावलेला लॅपटॉप दोन्ही सोसतो. म्हणून अनेक लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते. ती सुरू असताना आकडा पुढे सरकला नाही, तर तो बिघाड नव्हे.

लॅपटॉप चार्जच होत नसेल, तर दुकान गाठण्याआधी चार्जरवरचे वॉट वाचावेत. यूएसबी-सी पिन कोणत्याही यूएसबी-सी पोर्टमध्ये बसते. पण ४५ किंवा ६५ वॉटच्या जागी मोबाइलचा २० वॉटचा चार्जर लावला, तर काम चालू असताना बॅटरी उलट उतरू शकते. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. मग चार्जिंग तिथेच थांबवून ती बदलून घ्यावी.