दुसऱ्या खेपेला गळलेली सूचना

शाळेच्या कामासाठी आपण शिपायाला बँकेत पाठवतो, असे समजा. जाताना नीट बजावतो : अमुक शाखेत जा, अमुक खिडकीपाशी उभा राहा आणि समोरच्याचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय पाकीट हाती देऊ नको. तासाभराने दुसरे पाकीट निघते. या वेळी वेगळाच शिपाई हाताशी असतो. त्याला आपण शाखा आणि खिडकी तेवढी सांगतो. ओळखपत्राची अट सांगायची राहून जाते. पाकीट पोहोचते, पण कोणाच्या हाती?

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या काही साधनांमध्ये नेमके हेच घडत असल्याचे २०२० साली उघड झाले. ही प्रणाली सी भाषेत लिहिलेली असून तिचा कोड कोणालाही वाचता येतो. म्हणूनच हे उदाहरण आपल्याला तपासून पाहता येते.

डेटाबेसमधली माहिती सर्व्हरवर असते. ती मागणाऱ्या प्रोग्रॅमला आधी सर्व्हरशी जोडणी करावी लागते. त्यासाठी सर्व्हरचा पत्ता, पोर्टचा क्रमांक (बहुधा ५४३२), वापरणाऱ्याचे नाव आणि डेटाबेसचे नाव द्यावे लागते. शिवाय सुरक्षेच्या अटी घालता येतात. उदाहरणार्थ, 'सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासल्याशिवाय बोलू नको'. अशी अट घातली नाही, तर एरवीचा नियम सैल असतो : सांकेतिक संभाषण जमले तर ठीक, नाही तर उघड्यावर.

आता व्हॅक्यूमडीबी हे साधन घ्या. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये पुसलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. तिने अडवलेली जागा नंतर झाडून मोकळी करावी लागते. ते काम हे साधन करते. 'सगळे डेटाबेस झाडून काढ' असे सांगितले, तर ते आधी एक जोडणी करून डेटाबेसांची यादी मिळवते आणि मग प्रत्येकासाठी नवी जोडणी करते. पहिल्या जोडणीला सगळ्या अटी मिळत. पुढच्या जोडण्यांना मात्र पत्ता, पोर्ट आणि नाव एवढेच पोहोचे. वाटेत दबा धरून बसलेल्याला तेवढी फट पुरेशी होती.

ही चूक निष्काळजीपणाने झाली म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला तरी दोष रचनेत दिसतो. जोडणी करणाऱ्या फंक्शनला एकेक करून नऊ गोष्टी द्याव्या लागत. त्यांतल्या पहिल्या चार, म्हणजे डेटाबेस, पत्ता, पोर्ट आणि वापरणारा, सी भाषेच्या दृष्टीने एकाच प्रकारच्या : अक्षरांच्या माळेकडे बोट दाखवणारे पॉइंटर. त्यांची अदलाबदल झाली तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही. आणि ज्या अटीसाठी या नऊंत जागाच नाही, ती पुढे जाणार कशी?

दुरुस्ती करताना जोडणीची सगळी माहिती एका स्ट्रक्चरमध्ये बांधली गेली. वापरणाऱ्याने दिलेली मूळ जोडणी-ओळ त्यात अटींसकट जशीच्या तशी राहते. पुढच्या जोडणीसाठी फक्त डेटाबेसचे नाव बदलायचे, म्हणून 'हे नाव त्याऐवजी वापर' असा एक वेगळा रकाना ठेवला. नऊ गोष्टींऐवजी पाच उरल्या. अटी आता गाठोड्यातूनच जातात, वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत.

बाहेरचे वागणे न बदलता कोडची आतली मांडणी सुधारणे, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. विल्यम ओपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात या विषयावर प्रबंध लिहिला आणि १९९९ साली मार्टिन फाउलर यांच्या पुस्तकाने हा शब्द घरोघरी (म्हणजे प्रोग्रॅमरांच्या घरी!) पोहोचवला. काटेकोर बोलायचे तर २०२० च्या बदलाने वागणेही सुधारले, म्हणून ते निव्वळ रिफॅक्टरिंग नव्हे. २०२१ साली हाच जोडणीचा कोड उचलून सामाईक जागी ठेवला गेला, कारण पीजी-ॲमचेक या नव्या साधनाला तो हवा होता. हे मात्र खरे रिफॅक्टरिंग : जुन्या साधनांच्या वागण्यात काही फरक नाही, आणि नव्याला जोडणी पुन्हा लिहावी लागली नाही.

सी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग करता येईल. ग्रंथालयाच्या नोंदींचा छोटा प्रोग्रॅम लिहायला सांगा. पुस्तक देणे, परत घेणे आणि यादी छापणे या तिन्ही ठिकाणी जोडणीचा कोड आधी वेगवेगळा लिहू द्या. मग सर्व्हरचा पत्ता बदला आणि किती जागी हात लावावा लागतो ते मोजायला सांगा. त्यानंतर एक स्ट्रक्चर, एक फंक्शन. जोडणी फसली तर काय, हेही त्याच फंक्शनमध्ये यायला हवे. पोस्टग्रेसक्यूएलच्या सी लायब्ररीत फसलेल्या जोडणीनेही मेमरी अडवलेली असते. ती रीतसर बंद केल्याशिवाय सुटत नाही. जोडणी झालीच नाही, मग बंद काय करायचे, असे वर्गात कोणीतरी विचारीलच.