आपले स्टेशन फळीवर

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येतात. चाळिशीच्या असतील. दरसाल दिवाळी झाली की त्या घरच्या माणसांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पावसाळ्यात गावी असतात, तेव्हा वर्गाला येतात. अक्षरे जोडून वाचू लागल्या आहेत.

एके रात्री त्यांनी विचारले, "गुरुजी, गाडी दोन नंबरावर येणार, असं बोलतात. तो दोन नंबर कुठं लिहिलेला असतो?"

वर्गात थोडा हशा झाला. बाई हसल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले. एकदा एका मोठ्या स्टेशनावर टोळीची माणसे गाडीत चढली. त्या व धाकटा मुलगा भलत्याच फलाटावर राहिले. समोर गाडी दिसत होती. मुलाला कडेवर घेऊन त्या रुळांत उतरल्या. कोणीतरी ओरडून मागे ओढले, म्हणून वाचल्या. दुसऱ्या रुळावरून गाडी येत होती.

आम्ही फळ्यावर खडूने स्टेशन काढले. दोन रेघा म्हणजे रूळ. दोन चौकोन म्हणजे फलाट. बाई म्हणाल्या, "हे तर शेताचे बांध दिसतात."

खरेच होते ते. तेव्हा आम्ही ठरवले की फळ्यावर नको, फळीवर स्टेशन उभे करावे. सगळ्या वर्गाने मिळून करावे. ते कसे केले, ते या पाठात सांगतो.

प्रतिकृती म्हणजे काय?

पोळ्याला आपली मुले मातीचे बैल करतात. कोणाचे शिंग मोठे, कोणाचे वशिंड मोठे. ते खेळणे झाले. प्रतिकृती तशी नसते. खऱ्या वस्तूचा प्रत्येक भाग सारख्याच मापाने लहान केला, म्हणजे तिला प्रतिकृती म्हणतात.

नेरळहून माथेरानला डोंगरावर एक छोटी गाडी जाते. १९०७ सालापासून तो मार्ग आहे. लोक तिला खेळण्यातली गाडी म्हणतात. पण ती प्रतिकृती नव्हे. ती खरीच गाडी आहे. तिचे रूळ तेवढे अरुंद, दोन फुटांचे आहेत.

खऱ्या प्रतिकृती पाहायच्या तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊ जोशी या गृहस्थांना लहानपणापासून आगगाडीचे वेड. त्यातून त्यांनी एक सबंध छोटे शहरच उभे केले. त्यात गाड्या धावतात, सिग्नल लागतात, दिवे पेटतात. ते १९९८ साली लोकांसाठी उघडले. त्याच साली १ जुलैला आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. जर्मनी देशात हँबर्ग शहरी याहून फार मोठे काम आहे. ते २००१ साली सुरू झाले. तेथे खऱ्या वस्तूचे ८७ भाग करून त्यांतील एका भागाएवढी प्रतिकृती करतात.

आपल्याला एवढे मोठे काम नको. आपल्याला एक स्टेशन पुरे.

कोणते स्टेशन?

आम्ही नवापूर निवडले. सुरतेहून अमळनेरपर्यंतचा हा तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग १९०० सालच्या सुमारास पुरा झाला. आज तो उधना ते जळगाव असा पश्चिम रेल्वेचा मार्ग आहे. आता तो दुहेरी झाला आहे व गाड्या विजेवर चालतात.

नवापूर स्टेशनाची गंमत अशी की ते अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. असे का झाले? स्टेशन आधी बांधले गेले. महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये नंतर, १ मे १९६० रोजी वेगळी झाली. हद्दीची रेघ नेमकी स्टेशनातून गेली. फलाटावर एक बाक आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. त्यावर तसे रंगवलेही आहे. दोघे जण शेजारी बसले तरी दोन राज्यांत बसतात!

माप कसे धरावे?

आम्ही सोपे माप धरले. खरा एक मीटर, तर फळीवर एक सेंटिमीटर. म्हणजे शंभरात एक. त्यामुळे मोठा हिशेब करावा लागत नाही. मीटर म्हटले की सेंटिमीटर लिहायचे.

पण आम्हीच आधी चूक केली. घाईने, अदमासाने फलाट केला. तीन सेंटिमीटर उंच झाला. आमच्या वर्गात एक आबा आहेत. त्यांचा जन्म रेल्वेच्या गँगमध्ये, रूळ ठोकण्यात गेला. त्यांनी फलाट पाहिला नि मिशीत हसले.

"गुरुजी, या फलाटावरून गाडीत नाही चढायचं. छपरावर उतरायचं!"

मग आबा सांगत गेले व आम्ही लिहीत गेलो. त्या दिवशी गुरुजी आबा होते, विद्यार्थी आम्ही. ती मापे अशी :

दोन रुळांमधील अंतर १ मीटर ६७६ मिलिमीटर. म्हणजे जुने साडेपाच फूट. फळीवर ते १७ मिलिमीटरला थोडे कमी.

स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा सिमेंटचा ठोकळा, पावणेतीन मीटर लांब. फळीवर पावणेतीन सेंटिमीटर. दोन स्लीपरांत अंतर सुमारे ६० सेंटिमीटर. फळीवर ६ मिलिमीटर.

उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर. फळीवर ८ मिलिमीटर. आमचा झाला होता ३० मिलिमीटर!

डबा सव्वातीन मीटर रुंद. जुन्या तऱ्हेचा डबा २१ मीटरांहून थोडा लांब, नव्या तऱ्हेचा साडेतेवीस मीटर.

वरची विजेची तार साधारण साडेपाच मीटरवर. फळीवर साडेपाच सेंटिमीटर.

माणूस फळीवर केवढा? दीड-पावणेदोन सेंटिमीटर. काडेपेटीच्या अर्ध्या काडीहूनही लहान!

येथे एक गोष्ट बजावून सांगतो. माप घ्यायला कोणीही रुळांवर उतरू नये. विनापरवाना रुळांत जाणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. आणि जीव गेला तर तो कोणता कायदा परत देणार? तिकीट काढून फलाटावरून जेवढे दिसेल तेवढेच पाहावे. बाकीचे माहीतगाराला विचारावे.

सामान

आठ फूट लांब व अडीच फूट रुंद फळी. जुने पुठ्ठे. रद्दी वर्तमानपत्रे. काडेपेटीच्या काड्या. तारेचे तुकडे. बांबूच्या कामट्या. तुराट्या. लाकडाचा भुसा. बारीक वाळू. फाटके धोतर. पावडरीचे रंग. गव्हाच्या पिठाची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाकावा, म्हणजे किडे पुठ्ठा खात नाहीत. मोरचूद विषारी असतो. खळ पोरांच्या हाती देऊ नये व हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नयेत.

रूळ व फलाट

आधी फळीएवढा कागद जोडून त्यावर सगळे आखून घ्यावे. रूळ कोठे, फलाट कोठे, पूल कोठे. कागदावरची चूक रबराने जाते. फळीवरची चूक करवतीने काढावी लागते.

मग काड्या तोडून स्लीपर करावे. सहा-सहा मिलिमीटरवर चिकटवावे. त्यांवर दोन तारा सरळ बसवाव्या. १७ मिलिमीटर रुंद पुठ्ठ्याची एक पट्टी कापून घ्यावी. ती दोन तारांमध्ये फिरवत न्यावी. कोठे अडली किंवा ढिली झाली, तर तेथे चूक आहे असे समजावे. शेवटी खळ लावून बारीक वाळू पेरावी. ही आपली खडी. खरी खडी शोभेला नसते. ती गाडीचा भार जमिनीवर पसरते व पावसाचे पाणी निघून जाऊ देते.

फलाटासाठी पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवावे. उंची मोजताना तळापासून नव्हे, रुळाच्या माथ्यापासून मोजावी. फलाटाची कड रुळांच्या मध्यापासून दोन सेंटिमीटर दूर ठेवावी. खऱ्या स्टेशनात हे अंतर याहून कमी असते. पण आपले हातकाम आहे, थोडी जागा जास्त सोडावी. फलाट पक्का चिकटवण्याआधी डबा एकदा हाताने ढकलून पाहावा. डबा घासला नाही, तरच चिकटवावा.

फलाटाच्या लांबीत मात्र आम्हाला तडजोड करावी लागली. पाचशे मीटरांचा फलाट फळीवर पाच मीटर होईल. तो वर्गाच्या दाराबाहेर जाईल! म्हणून उंची व रुंदी मापाची ठेवली. लांबी तेवढी पाच डब्यांपुरती कापली.

फलाटाच्या दोन्ही टोकांना उतार केला. कडेपासून थोडी आत पिवळी पट्टी ओढली. गाडी येताना या पट्टीच्या मागे उभे राहायचे असते.

पाट्या

पाट्या लिहिण्याचे काम वर्गातील बायांनी मागून घेतले. स्टेशनाच्या नावाची पाटी पिवळी, अक्षरे काळी. नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा ही जागा किती मीटर उंच आहे, ते.

मग फलाटांचे नंबर. १ आणि २. हे नंबर कोठे असतात? फलाटाच्या छताखाली टांगलेले असतात. पुलाच्या जिन्यापाशीही असतात. ज्या बाईंनी प्रश्न विचारला होता, त्यांनीच दोनची पाटी लिहिली. पहिली पाटी वाकडी झाली. त्यांनी ती फाडली व पुन्हा लिहिली.

डोंगर, शेते, झाडे

फळीच्या उत्तरेच्या कडेला सातपुडा केला. रद्दीचे बोळे रचायचे. त्यांवर खळीत भिजवलेले धोतराचे तुकडे टाकायचे. दोन दिवस सावलीत वाळू द्यायचे. उन्हात टाकले तर तडे जातात. लांबच्या डोंगराला निळसर रंग द्यावा, जवळच्याला हिरवा व तांबूस. लांबचा डोंगर निळसर दिसतो, हे तुम्ही शेतातून रोज पाहता.

झाडांना घोसाळ्याची वाळलेली जाळी फार चांगली. तिचे तुकडे हिरव्या रंगात बुडवावे व काडीवर खोचावे. बारा मीटरचा कडुनिंब बारा सेंटिमीटरचा होतो. भुसा काळा रंगवून पेरला की नांगरलेले रान झाले. तोच भुसा लाल रंगवून पसरला. तो पाहताच सगळे म्हणाले, "मिरचीची पथारी!" नंदुरबारची मिरची नवापूरच्या शेजारी आली, हे मापात बसत नाही. पण कोणी ती काढू दिली नाही.

गाडी कशी चालते?

आमची गाडी पुठ्ठ्याची. तिला दोरा बांधला आहे. फळीच्या टोकाला दोऱ्याचे रिकामे रीळ बसवून ते फिरवले की गाडी ओढली जाते.

विजेवर चालणारी छोटी गाडी बाजारात मिळते. तिचे रूळ बहुधा साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात. आपल्या शंभरात एक मापाला ते जवळजवळ बरोबर बसतात. तिला बारा व्होल्टची वीज लागते. एका रुळातून वीज येते, इंजिनातील मोटरीतून जाते व दुसऱ्या रुळातून परतते. दोन तारा उलट जोडल्या की गाडी उलटी धावते. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ती वीज कधीही थेट रुळांना जोडू नये. मध्ये दाब कमी करणारे यंत्र लागतेच.

खऱ्या मार्गावर मात्र वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. ती तार दिसते साधी. पण डब्याच्या छपरावर चढलेल्या माणसाला तिला हातही लावावा लागत नाही. नुसते जवळ गेले तरी वीज झेप घेते. ऊन असो, पाऊस असो, छपरावर चढू नये.

मग उपयोग काय झाला?

स्टेशन तयार झाल्यावर आम्ही वर्गात रोज एक खेळ घेऊ लागलो. एकाने घोषणा करायची, "सुरतेकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे." दुसऱ्याने काडीचा माणूस तिकीट खिडकीपासून फलाटापर्यंत न्यायचा. पाटी वाचायची. पूल चढायचा. पूल उतरायचा. जो रुळांतून माणूस नेईल, त्याचा डाव गेला.

पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाचा डाव गेला. रुळांतून वाट जवळची दिसते ना! आबा प्रत्येकाला विचारत, "पुलावरून जायला किती वेळ जास्त लागला?" मोजले तर तीन-चार मिनिटे. आबा पुढे काही बोलत नसत.

दिवाळीनंतर त्या बाई ऊसतोडीला गेल्या. होळीला गावी आल्या, तेव्हा वर्गात डोकावल्या. आम्ही विचारले, "गाडी नीट मिळाली का?"

त्या म्हणाल्या, "मिळाली. पाटी मी वाचली. टोळीतल्या सगळ्यांना मीच पुलावरून नेलं." मग फळीकडे बघून म्हणाल्या, "पण गुरुजी, तुमच्या पुलाला पायऱ्या कमी आहेत. खऱ्या पुलाला लई आहेत. पोराला घेऊन चढताना मोजल्या मी."

त्यांनी आकडा सांगितला. आबांनी पाटीवर लिहून घेतला. पूल आता काढून ठेवला आहे. नव्या पायऱ्यांसाठी पुठ्ठा कापणे चालू आहे.