नऊ कार्बोनेटांच्या जिवावर

पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांत मिळून सुमारे 133 कोटी घन किलोमीटर पाणी आहे. त्यातले मोकळे हायड्रोजन आयन, म्हणजे पाण्याची आम्लता ठरवणारे कण, वेगळे काढून तोलता आले तर भरतील जेमतेम एक-दोन कोटी टन. आणि आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी हे महासागर दर वर्षी शोषून घेतात सुमारे 1,000 कोटी टन.

हे दोन आकडे शेजारी मांडले की मला धडकी भरते. हा वायू पाण्यात विरघळला की कार्बॉनिक आम्ल होते आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतो. प्रत्येक रेणूमागे सुटलेला एकेक आयन मोकळाच राहिला असता, तर एका वर्षात वीसेक कोटी टनांची भर पडली असती, म्हणजे आज आहेत त्याच्या निदान दहापट! प्रत्यक्षात औद्योगिक क्रांतीपासून आजवर पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू (pH) 8.2 वरून 8.1 वर आला आहे. म्हणजे आयन वाढले ते पंचवीस-तीस टक्केच.

मग बाकीचे आयन गेले कुठे? महासागरांत विरघळलेला अजैविक कार्बन सुमारे 38 लाख कोटी टन आहे, हवेतल्या कार्बनच्या चाळीसपटीहून अधिक. पृष्ठभागाजवळ त्यातला शंभरातला जेमतेम एक भाग वायूरूपात विरघळलेला असतो, नव्वद बायकार्बोनेट आणि नऊ कार्बोनेट. हे तिन्ही अखंड एकमेकांत बदलत असतात आणि दोन्ही दिशांचा वेग जिथे सारखा होतो, तिथे समतोल साधतो. नवा हायड्रोजन आयन आला की कार्बोनेट त्याला धरतो आणि स्वतः बायकार्बोनेट होतो. म्हणून तर अशा अडीच लाख कार्बनयुक्त कणांमागे मोकळा हायड्रोजन आयन एखादाच सापडतो.

पण धरणारे शंभरात नऊच, आणि प्रवाळ व शिंपल्यांना कवच बांधायला लागतो तोही हाच कार्बोनेट. 1957 मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स सूस या शास्त्रज्ञांनी महासागरांच्या शोषून घेण्याच्या क्षमतेची मर्यादा दाखवून दिली. हवेतला कार्बन डायऑक्साइड 10 टक्क्यांनी वाढला, तरी पृष्ठभागाच्या पाण्यातला एकूण कार्बन वाढतो जेमतेम 1 टक्का. कार्बोनेट खर्ची पडेल तसा तो 1 टक्काही घटत जातो.

खोल समुद्राच्या तळावर चुनखडीच्या गाळाचा प्रचंड साठा आहे. तो विरघळला की कार्बोनेटची भरपाई होते. मात्र वरचे पाणी खोलवर जाऊन पुन्हा वर यायला हजारेक वर्षे लागतात आणि गाळ विरघळायला त्याहून कितीतरी जास्त. आपल्या कारखान्यांचा धूर दोन-अडीचशे वर्षांचाच आहे.