दाराच्या आतली ओल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी हक्काने लेख मागणाऱ्या संपादकमित्राला मी यंदाचा विषय सांगितला, तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “अहो, निवृत्तीनंतर माणसे गीतेकडे वळतात, तुम्ही मोटारीच्या दाराकडे वळलात!” त्याचे म्हणणे खोटे नाही. तीस-पस्तीस वर्षे शस्त्रक्रिया केल्यावर हाताला काहीतरी उद्योग हवा असतो, आणि तो उद्योग मला विश्वामित्रीने दिला.

२०२४ च्या ऑगस्टअखेरचा पूर आपण बडोदेकर इतक्यात विसरणार नाही. नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, आणि कारेलीबागेतल्या आमच्या घराच्या फाटकातून पाणी आत शिरले. शेजारच्या गल्लीत मगर दिसल्याच्या वार्तेने वाडीतली पोरे गच्चीवर जाऊन बसली होती. आमची २००३ सालची मारुती ८०० आसनांच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यात उभी होती. या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबले. पंधरा वर्षे उलटल्यावर मी तिची नोंदणी दोनदा वाढवून घेतली होती. विमा केवळ त्रयस्थाच्या नुकसानीपुरता, म्हणजे भरपाईचा प्रश्नच नव्हता. मुलांनी एकमुखाने सल्ला दिला, “बाबा, भंगारात द्या.” पण याच गाडीने मी मध्यरात्रीचे अनेक कॉल केले होते. तिला असे टाकून देणे मनाला पटेना.

पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवण्याचा मोह आवरला, हे एक शहाणपण. इंजिनात पाणी गेले असताना ते सुरू करणे म्हणजे पोट फुगलेल्या रोग्याला जेवायला वाढणे. रावपुऱ्यातला आमचा जुना मेकॅनिक गाडी ओढून घेऊन गेला. तेल, गाळण्या, ब्रेक यांचे सगळे त्याने केले आणि इंजिन वाचले. पण आतल्या भागाचे काय? गालिचा आणि त्याखालचा नमदा चिखलाने जड झालेला, दारांच्या आतल्या बाजूची पॅडे फुगून पापडासारखी वाकलेली. गादीकाम करणारे सारे कारागीर त्या महिन्यात गळ्यापर्यंत कामात. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, दिवाळी पछी.” दिवाळीपर्यंत गाडीत बुरशीची शेती झाली असती. तेव्हा हे काम स्वतःच करायचे ठरवले.

दाराचे पॅड ही वस्तू आपण रोज पाहतो, पण ती कशी बसवलेली असते याचा विचार करत नाही. माझ्या गाडीत तो दाबलेल्या लाकडी भुशाचा जाड पुठ्ठा होता, वर रेक्झिन चिकटवलेले. मागच्या बाजूस कडेकडेने नायलॉनच्या क्लिपा असतात आणि त्या दाराच्या पत्र्यातल्या भोकांत घट्ट बसतात. शिवाय हात टेकण्याच्या मुठीचे स्क्रू, आतल्या कडीभोवतीच्या चौकटीचा स्क्रू आणि काच खालीवर करण्याचे हँडल. ही बंधने ओळखून क्रमाने सोडवली तर पॅड हातात येते. एक जरी विसरले आणि ओढाताण केली, तर पुठ्ठा फाटतो.

पहिल्या दाराशी मी नेमके तेच केले. सकाळच्या गारव्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून जोर लावला. एक क्लिप मोडली आणि पुठ्ठ्याचा टवका निघाला. मेकॅनिक गाडीचे बिल द्यायला आला होता. तो ओट्यावर बसून हे पाहत होता. तो हसला आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, जोर ना करो, जग्या शोधो.” जोर करू नका, जागा शोधा. अगदी हेच वाक्य वेगळ्या शब्दांत मी किती कनिष्ठ डॉक्टरांना सुनावले असेल!

मग रीतसर सुरुवात केली. रंगारी पुट्टी लावतात तशी रुंद पाती घेतली, तिला दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे रंगाला ओरखडा नको. कडेने बोट फिरवून क्लिपेची जागा चाचपायची, पाती क्लिपेच्या अगदी लगत सरकवायची आणि तिथेच हलकेच उचलायचे. दोन क्लिपांच्या मधोमध उचलले तर पुठ्ठा वाकतो, क्लिप जागची हलत नाही. हे काम दुपारच्या उन्हात करावे, उबेने प्लास्टिक नरम पडते. काचेचे हँडल तारेच्या एका छोट्या स्प्रिंगने धरलेले असते आणि ती स्प्रिंग बाहेरून दिसत नाही. हँडल आणि पॅड यांच्या फटीत कापडी पट्टी घालून, बूट पुसतात तशी डावी-उजवीकडे ओढली की स्प्रिंग निसटते. मी रोलर बँडेजची पट्टी वापरली. स्प्रिंग टणकन उडून तुळशीच्या कुंडीत पडली आणि अर्धा तास शोधाशोध झाली. दुसऱ्या खेपेपासून फटीवर हात धरून ठेवला.

स्क्रू आणि क्लिपा गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत ठेवल्या. प्रत्येक डबीवर दाराचे नाव आणि आतील वस्तूंची संख्या लिहिली. शस्त्रक्रियेनंतर सिस्टर गॉजचे तुकडे मोजतात, तीच शिस्त. हिशेब जुळल्याशिवाय बंद करायचे नाही.

पॅडच्या मागे काय असते, ते सांगणे अगत्याचे आहे, कारण या लेखाचा जीव तिथेच आहे. पॅड काढल्यावर दाराचा पत्रा थेट दिसत नाही, त्यावर प्लास्टिकचा एक पातळ पडदा चिकट डांबरासारख्या पट्टीने लावलेला असतो. तो कशासाठी, हे मला ठाऊक नव्हते. माझी समजूत अशी होती की दार बंद असले म्हणजे आत पाणी जात नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचे थोडे पाणी दारात नेहमीच उतरते, आणि गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरलेले असते. हे पाणी दाराच्या पोकळीत खाली येते आणि तळाच्या छोट्या भोकांतून रस्त्यावर पडते. पोकळीतला ओलावा आतल्या पुठ्ठ्यापर्यंत आणि माणसांपर्यंत पोहोचू नये, यासाठी तो पडदा. पडदा फाटला किंवा भोके बुजली, की पुठ्ठा भिजून फुगतो, क्लिपांची भोके रुंदावतात, पाणी गालिच्याखाली झिरपते आणि तळाचा पत्रा गंजू लागतो. बाहेरून काही दिसत नाही, फक्त एक कुबट वास येतो.

तीन दारांत पडदा शाबूत होता, पुराचा चिखल पुसला की काम झाले. चौथे दार पुढचे डावे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या बाजूचे. त्यात पडदाच नव्हता. कडेला जुन्या चिकट पट्टीचे काळे अवशेष तेवढे राहिले होते. पत्र्यावरचा गंज एका पुराचा नव्हता, थरांवर थर चढलेला, वर्षानुवर्षांचा होता. तळाची दोन्ही भोके बुजलेली. तारेने टोकरले तेव्हा काळा गाळ, कुजलेली पाने आणि दोन मोडक्या क्लिपा निघाल्या. आपल्या भाषेत सांगायचे, तर विसरलेली परकी वस्तू! २००८ च्या सुमारास या काचेचे मशीन बिघडले होते आणि एका गॅरेजमध्ये ते बदलून घेतले होते. कारागिराने पडदा फाडून फेकला असणार आणि पॅड वरून ठोकून बसवले असणार. वरून सारे व्यवस्थित दिसत होते.

मी संतापाने मोठ्याने म्हणालो, “कुणी बंद केलं हे असं?”

सौ. चहा घेऊन मागे उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “अहो, पावसाळ्यात माझ्या पायाशी ओल येते, असं मी सोळा वर्षं सांगते आहे. तुम्ही म्हणायचात, छत्रीचं पाणी असेल.”

खरेच, मी तसे म्हणत असे. एकदाही वाकून गालिचा उचलून पाहिला नव्हता.

त्या दुपारी काम पुढे झाले नाही. कारण “कुणी बंद केलं हे?” हे वाक्य मी पूर्वीही एकदा ऐकले होते, आणि तेव्हा ते मला उद्देशून होते.

१९८८ सालची गोष्ट. छोटाउदेपूरकडची एक तरुण स्त्री विषमज्वराने आतडे फुटून रात्री दाखल झाली. ती वाचेल अशी आशा कमीच होती. आतड्याचे छिद्र शिवले, पोट धुतले आणि ती वाचली. त्याचे कौतुकही झाले. पण त्या रात्री बाहेर आणखी दोन रोगी ताटकळत होते आणि पोट बंद करताना मी घाई केली. टाक्यांचा धागा जखमेच्या लांबीच्या निदान चौपट हवा, हे जेंकिन्सने १९७६ मध्येच मांडले होते आणि ते मला पाठ होते. तरी मी टाके लांब लांब घातले. त्वचा मात्र सुरेख शिवली. पुढे ती तपासणीला येई, तेव्हा सांगे, “टाक्यापाशी काहीतरी ओढतं, साहेब.” मी व्रणावरून नजर फिरवून म्हणे, “पट्टा बांधा, ओझं उचलू नका.” मोलमजुरी करणाऱ्या बाईला ओझे उचलू नका, म्हणे!

१९९१ मध्ये ती व्रणाच्या जागी मोठा हर्निया घेऊन परत आली. शस्त्रक्रिया मीच केली. त्वचेखाली जाताच स्नायूंच्या आवरणातले अंतर स्पष्ट दिसले. माझा तरुण सहायक सहज बोलून गेला, “सर, कुणी बंद केलं होतं हे?” मी म्हणालो, “रात्रीची केस असेल.” यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही मी त्या दिवशी खोटे बोललो. दूषित पोटात, उत्तम हातांनी बंद केले तरी हर्निया होऊ शकतो, हे आपण सर्व जाणतो. तो आधार मी इतकी वर्षे मनाशी घट्ट धरून ठेवला होता. या वेळी मी नीट शिवले आणि ती बरी होऊन गेली. पहिल्या वेळचे मात्र तिला काही सांगितले नाही. पुढे ती कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी बसलो. गंज घासून काढला, गंजरोधक रंग दिला, तळाची भोके मोकळी केली. जाड प्लास्टिक जुन्या खुणांबरहुकूम कापले. हँडलच्या दांड्यापुरते आणि कडीपुरतेच छेद ठेवले. चारी बाजूंनी चिकट पट्टी लावली, पण खालची कड दाराच्या पोकळीत आत वळवली, म्हणजे ओघळ आत पडून भोकांतून जाईल, पुठ्ठ्यावर येणार नाही. मग पॅड बसवण्याआधी काचेवर तांब्याने पाणी ओतले. खालच्या दोन्ही भोकांतून धार लागली आणि पडद्याची बाहेरची बाजू कोरडी राहिली, तेव्हाच पुढे गेलो.

फुगलेली पॅडे सरळ होत नाहीत, तो नाद सोडावा. जुने पॅड साचा म्हणून नव्या हार्डबोर्डवर ठेवले, पेन्सिलीने रेघ मारली, भोकांच्या खुणा केल्या आणि कापले. मागची बाजू आणि कडा यांना दोन हात व्हार्निश दिले. रेक्झिन चिकटवताना कोपऱ्यात सुरकुत्या येतात, तिथे मागून छोटे छेद घेऊन एकावर एक दुमडावे. त्वचेच्या कामाचा सराव इथे उपयोगी पडला. क्लिपा जुन्या वापरू नयेत. त्या अवघ्या काही रुपयांना मिळतात. गालिच्याखालचा नमदा मात्र वाळवत बसू नये, पुराचे पाणी प्यायलेला नमदा टाकूनच द्यावा.

ज्यांना हे वाचून हुरूप येईल त्यांना एक इशारा. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत. नव्या गाड्यांत त्या आसनांत, खांबांच्या आवरणामागे, छताच्या कडेला असतात, आणि काही गाड्यांत त्यांचा संवेदक दारातही असतो. पिवळ्या आवरणाच्या तारा वा जोडण्या दिसल्या, तर हात मागे घ्यावा आणि ते काम जाणकारावर सोपवावे. आपली मर्यादा ओळखणे हा आपल्या पेशाचाही पहिला धडा आहे.

चार दारांना मला पाच आठवडे लागले. गादीवाल्याने ते दोन दिवसांत केले असते आणि कदाचित अधिक सुबक केले असते. माझ्या डाव्या दाराच्या एका कोपऱ्यात रेक्झिनला अजून एक सुरकुती आहे. ती राहू दिली आहे.

तरुण सहकाऱ्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला या विषयात तरी नाही. एवढेच सांगतो की, रोगी “इथे ओल येते” म्हणाला, तर छत्रीकडे बोट दाखवू नका, वाकून पाहा. आणि वाकून पाहिल्यावर आपल्याच हातचे काम दिसले, तर ते त्याला सांगा. १९९१ मध्ये ते सांगायला दोन वाक्ये पुरली असती. आज ती ऐकणारी व्यक्ती कुठे आहे, हेही मला ठाऊक नाही, म्हणून ती इथे, आपल्यासमोर लिहीत आहे.

२०२५ च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा आम्ही दोघे मांडवीपर्यंत जाऊन आलो. घरी परतल्यावर सौ.ने चप्पल काढून पाय गालिच्यावर टेकवला, क्षणभर तसाच ठेवला.

“कोरडं आहे,” ती म्हणाली, आणि छत्री घेऊन उतरली.