मानकाचा ठराव कसा होतो

सांताक्रूझच्या बाजारात कोणत्याही कंपनीचा फोन घ्या, तो वाय-फायशी बोलतो. ही बोली एका कारखानदाराने ठरविलेली नाही. १९९० साली स्थापन झालेल्या आय. ट्रिपल ई.च्या ८०२.११ या कार्यगटाने ती घडविली. पहिले मानक १९९७ साली निघाले.

या गटाची रीत युनियनच्या माणसाने समजून घ्यावी अशी आहे. तेथे मत कंपनीचे नव्हे, माणसाचे असते. आणि ते सभांना नियमाने हजेरी लावूनच मिळते. तांत्रिक ठरावाला शेकडा ७५ मते लागतात. मसुद्याला 'नाही' म्हणणाऱ्याने कोठे अडते व त्या जागी काय हवे, हे लिहून द्यावे लागते; त्या हरकतीला गटाने उत्तर दिलेच पाहिजे.

मत माणसाचे खरे, पण त्याचा प्रवासखर्च बहुधा मालक भरतो. २००६ साली ८०२.२० या गटाचे काम वर्चस्वाच्या व अपारदर्शकतेच्या संशयावरून काही काळ थांबवावे लागले. त्याच वर्षी ८०२.१५.३ए हा गट, दोन पक्षांपैकी कोणालाच ७५ टक्के मिळेनात, म्हणून मोडला. म्हणजे नियम चांगले असून भागत नाही. ते राखणारी माणसे लागतात.

पवईच्या आय. आय. टी.तील मंडळींनी पालघर भागातील खेड्यांत स्वस्त जोडणीचे प्रयोग केले. त्यांच्याच पुढाकाराने खेड्यापाड्यांना परवडणाऱ्या जाळ्याचे २०६१ हे मानक २०२४ साली प्रसिद्ध झाले. सभेत ज्याची खुर्ची रिकामी, त्याची गरज इतिवृत्तात उमटत नाही.