धाकटा की थोरला?

गुम्मिडिपूंडी हे चेन्नईच्या उत्तरेचे गाव. तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि उपनगरी गाडीने ते शहराशी जोडलेले आहे. तेथील कारखान्यात नोकरीस असलेला एखादा मराठी माणूस नवा स्मार्टफोन घेण्यासाठी चेन्नईच्या दुकानात गेला, तर त्याच्यापुढे बहुधा एकाच घराण्यातील दोन भावंडे ठेवली जातात. धाकटे आटोपशीर असते, थोरले ऐसपैस आणि महाग. यांतून निवड कशी करावी?

प्रथम पाहावयाचे ते हे की, अधिक पैसे नेमके कशाचे मोजावयाचे आहेत. २०२२ साली आलेल्या आयफोन १४ आणि आयफोन १४ प्लस या जोडीचे उदाहरण घेऊ. चेन्नईजवळच्याच श्रीपेरुंबुदूर येथे फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन १४ ची जुळणी त्याच वर्षी सुरू झाली. बाजारात आले तेव्हा धाकट्याची किंमत ७९,९०० रुपये होती आणि थोरल्याची ८९,९००. दोघांचा प्रोसेसर एक, कॅमेरेही तेच. अंतर होते ते केवळ देहयष्टीचे. पडदा ६.१ इंचांऐवजी ६.७ इंच आणि वजन १७२ ग्रॅमऐवजी २०३ ग्रॅम.

या देहयष्टीबरोबर एक लाभ मात्र आपोआप येतो. पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे वीस टक्क्यांनी वाढले. पण सलग चित्रफीत पाहण्याचा कंपनीने सांगितलेला अवधी २० तासांवरून २६ तासांवर, म्हणजे तीस टक्क्यांनी वाढला. आतील यंत्रणा जवळजवळ तेवढीच जागा व्यापते, त्यामुळे वाढलेली बहुतेक जागा बॅटरीच्या वाट्यास येते, हे त्याचे कारण.

सर्वच जोड्या अशा नसतात. २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ आणि एस२४ प्लस या जोडीत २५६ जीबी साठवणीच्या फोनांच्या आरंभीच्या किमतींत वीस हजारांचे अंतर होते. तेथे थोरल्याला अधिक रेखीव पडदा, ८ ऐवजी १२ जीबी रॅम आणि २५ ऐवजी ४५ वॅटचे चार्जिंग मिळाले. कॅमेरे मात्र सारखेच होते. तेव्हा थोरल्याने छायाचित्रे चांगली येतात, असे गृहीत धरू नये.

यानंतर प्रश्न उरतो तो हाताचा आणि डोळ्यांचा. गर्दीच्या गाडीत एका हाताने दांडी धरून उभे राहणाऱ्यास, अंगठा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचणे मोलाचे वाटते. उलट, चाळिशी लागलेल्या वाचकास देवनागरीतील मात्रा आणि जोडाक्षरे मोठी करून वाचावी लागतात. पडदा मोठा झाला म्हणून अक्षर आपोआप मोठे होत नाही. पण ते मोठे केल्यावर ओळीत दोनच शब्द उरण्याची आपत्ती टळते.

म्हणून दुकानात दोन्ही फोन हातात घ्यावेत. अक्षर आपल्याला लागते तेवढे वाढवून एखादी मराठी बातमी वाचावी, एका हाताने चार ओळी लिहून पाहाव्यात, फोन खिशात ठेवून खाली बसावे. धाकट्यावर सुखाने वाचता आले आणि त्याची बॅटरी आपल्या दिवसास पुरणारी असली, तर उरलेले दहा-वीस हजार रुपये घरी न्यावेत. वाचताना कपाळाला आठ्या पडत असतील, तर थोरल्याचे वजन खुशाल पत्करावे.